फोटो ‘केबी’त मागू नका, पिक्सेलमध्ये मागा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भरती परीक्षांच्या अर्जांचे दिवस आले की सायबर कॅफे आणि सेवा केंद्रांच्या दारात एकच वाक्य ऐकू येतं : ‘दादा, फोटो पन्नास केबीत बसत नाहीये.’ पाच मिनिटांनी दुसरा उमेदवार नेमकी उलटी तक्रार घेऊन येतो. त्याची सही दहा केबीपेक्षा लहान भरते, म्हणून साइट ती घेत नाही. मग ‘फुकटात फोटो लहान करा’ म्हणणाऱ्या कुठल्या तरी अनोळखी साइटवर चेहरा आणि सही दोन्ही चढवली जातात. त्यातून जे बाहेर पडतं ते प्रवेशपत्रावर छापलं जातं आणि परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक एकदा कागदाकडे, एकदा उमेदवाराकडे बघत बसतात. या सगळ्याच्या मुळाशी एक गल्लत आहे. फाइलचं वजन वेगळं आणि फोटोचा आकार वेगळा. वजन केबीत मोजतात, आकार पिक्सेलमध्ये (चित्रातल्या ठिपक्यांत), आणि एकावरून दुसरं कळत नाही.

बँक भरतीच्या अर्जात नेहमी दिसणारी अट घेऊ. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, वजन १० ते २० केबी. २०० गुणिले २३० म्हणजे ४६ हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात, एका आकड्याला एक बाइट. म्हणजे अजिबात न दाबलेला (गणिताने वजन कमी न केलेला) फोटो १ लाख ३८ हजार बाइटचा, साधारण १३५ केबीचा. त्याचे ५० केबी करणं हे अगदीच किरकोळ काम आहे. उलट, नेहमीच्या दर्जाने सेव्ह केला तर तो सहज दहा-बारा केबीवर येतो आणि २० केबीच्या किमान अटीत अडकतो. सहीचं तर विचारू नका. ८,४०० पिक्सेल गुणिले तीन म्हणजे न दाबतासुद्धा तिचं वजन जेमतेम २५ केबी. पांढऱ्या कागदावरच्या दोन निळ्या फराट्यांचं जेपेग (फोटो दाबून ठेवण्याचा नेहमीचा प्रकार, ‘जेपीजी’) दोन-तीन केबीतच होतं. ते ‘किमान १० केबी’ करायचं म्हणजे कामाचं काही नसलेला भरणा कोंबायचा. ही अट ठरवणाऱ्याने एकदा तरी स्वतःची सही त्या मापात बसवून पाहिली होती का, अशी शंका येते.

आता मोबाइलच्या बाजूने पाहू. बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा फोटो काढतो. न दाबलेलं वजन ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३४ एमबी. मोबाइल तो तीन-चार एमबीचा करून ठेवतो. उमेदवार पिक्सेल तसेच ठेवतो आणि नुसता दर्जा खाली ओढून ५० केबी गाठायला जातो. ते होणारच नाही. जेपेग पद्धतीत फोटोचे चौकोनी तुकडे पडतात आणि तुकडा कितीही कोरा असला तरी ‘इथे काही नाही’ एवढं लिहायलासुद्धा दोन-चार बिट (आठ बिटांचा एक बाइट) खर्ची पडतात. कशाला किती बिट द्यायचे हे सांगणारे मानकातले ठरावीक तक्ते वापरले तर संपूर्ण एकरंगी राखाडी, ज्यात काहीही नाही असा बारा मेगापिक्सेलचा फोटोसुद्धा साधारण १८० केबीचा होतो. तक्ते मुद्दाम आखून घेतले तर तो आकडा खाली येईल, पण चेहरा असलेला फोटो ५० केबीत बसणार नाही तो नाहीच. साइट हट्टाने तसं करून देत असेल तर तिने आतल्या आत पिक्सेल कमी केलेले असतात, आणि किती केले ते आपल्याला सांगितलेलं नसतं.

हे दाबणं आत कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जेपेग हे मानक १९९२ सालचं. ते आधी लाल-हिरवा-निळा ही मांडणी मोडून उजेड एका बाजूला काढतं आणि रंगाचे दोन आकडे दुसऱ्या बाजूला. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेड पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी करतात. चार पिक्सेलमध्ये मिळून एक रंग. एवढ्यावरच वजन निम्मं होतं आणि चेहऱ्याच्या फोटोत ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग उजेडाच्या चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पडतात. कपाळावरचा एक तुकडा घ्या. त्यातल्या ६४ पिक्सेलची सरासरी १५० आहे. त्यातून १२८ वजा केले की उरले २२. यानंतर तुकड्यातल्या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे येतात. पहिला आकडा सांगतो की तुकडा एकूण किती उजळ आहे. बाकीचे ६३ सांगतात की त्यात उजेड-अंधाराच्या लाटा किती, कुठल्या दिशेच्या आणि किती दाट. कपाळाच्या तुकड्याचा पहिला आकडा येतो २२ गुणिले ८, म्हणजे १७६. इथपर्यंत फारसं काही हरवलेलं नाही, कारण उलटं गणित केलं की मूळ पिक्सेल परत मिळतात. हरवतं ते पुढच्या पायरीला. प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला टेकवायचं. मानकातल्या नमुना तक्त्यात पहिला भाजक १६ आहे. १७६ भागिले १६ बरोबर ११; हा आकडा शाबूत राहिला. त्याच ओळीतला सहावा भाजक ४० आहे. तिथे मूळ आकडा ३७ असेल तर भागाकार होतो १, आणि उघडताना तो ४० होऊन परत येतो. थोडी चूक, पण चालण्यासारखी. तिथे १८ असेल तर भागाकार शून्य. ती लाट गेली. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला तिथे १८ होते की ३ होते की काहीच नव्हतं, हे सांगता येत नाही. बारीक, दाट लाटांसाठी भाजक शंभराच्या घरात आहेत, त्यामुळे ६४ पैकी बहुतेक आकडे शून्य होतात. ते तिरके नागमोडी क्रमाने वाचले की शून्यांची लांबच लांब रांग एकत्र येते आणि ‘पुढे सगळी शून्यंच’ एवढ्या एका खुणेत मावते. उरलेल्या आकड्यांना डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली दिलेल्या पद्धतीने सांकेतिक रूप मिळतं, जे वारंवार येतं त्याला छोटं आणि क्वचित येतं त्याला लांब.

यातल्या लाटांच्या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ते मांडणारे नासिर अहमद हे १९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो मिळाला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपल्या खिशातल्या बहुतेक फोटोंमध्ये आणि व्हिडिओंमध्ये तेच गणित किंवा त्याचं भावंड आहे. आपल्या शाळकरी पुस्तकांत हे नाव का नसावं, हा वेगळ्या पत्राचा विषय.

आता ‘क्वालिटी’च्या पट्टीकडे येऊ. ७५ क्वालिटी म्हणजे ७५ टक्के माहिती शिल्लक, असा सर्रास समज आहे. तसं काहीच नाही. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या जेपेग लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअर आत वापरतात त्या तयार कोडमध्ये) ५० म्हणजे तो नमुना तक्ता जसाच्या तसा. ७५ म्हणजे सगळे भाजक निम्मे, १६ च्या जागी ८. ९० म्हणजे भाजक एक पंचमांश, १६ च्या जागी ३. १०० म्हणजे सगळे भाजक १. शंभरालासुद्धा पूर्णांकाला टेकवणं होतंच, शिवाय कित्येक सॉफ्टवेअरमध्ये रंगांची छाटणी, म्हणजे वर सांगितलेलं रंग निम्मे करणं, चालूच राहते. ९५ च्या पुढे वजन झपाट्याने वाढतं आणि डोळ्याला मिळत काही नाही.

तेव्हा उमेदवारांनी क्रम असा ठेवावा. मूळ फोटो मोबाइलमधून केबलने किंवा ईमेलने घ्यायचा. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर येते. मग आधी कापायचा, आणि कापताना मागितलेल्या प्रमाणातच कापायचा. २०० बाय २३० हे प्रमाण २० ला २३ आहे. चौरस फोटो त्यात ताणून बसवला की चेहरा उभट, ओढलेला दिसतो. त्यानंतर पिक्सेल कमी करायचे, आणि अगदी शेवटी दर्जा ९० ला ठेवून एकदाच सेव्ह करायचं. वजन कमी भरलं तर दर्जा ९५ किंवा ९८ करायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर रंगांची छाटणी बंद करायची. पिक्सेलची अट ‘शक्यतो’ अशी असेल तर सही सरळ दुप्पट मापात, २८० बाय १२० मध्ये, द्यावी. दहा केबी गाठण्याचा तो त्यातल्या त्यात सरळ मार्ग. सही काळ्या किंवा गडद निळ्या शाईने, पांढऱ्या कागदावर, खिडकीजवळच्या उजेडात. हाताची सावली पडली की तो करडा डाग सहीपेक्षा जास्त केबी खातो.

‘२०० डीपीआय’ ही अट बघून घाबरायचं कारण नाही. डीपीआय (छापताना इंचाला किती ठिपके) हा फाइलच्या कपाळावरचा नुसता शिक्का असतो, तो बदलल्याने एकही पिक्सेल बदलत नाही. अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० पिक्सेल, २०० डीपीआय, याचा अर्थ एवढाच की कागदावर तो सुमारे ३ सेंटिमीटरचा चौकोन आहे. आणखी एक गुपचूप वजन असतं ते म्हणजे मोबाइलने फाइलमध्ये भरलेली माहिती : कॅमेऱ्याचं नाव, वेळ, लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश, शिवाय फोटोची एक चिमुकली प्रत. ५० केबीच्या मर्यादेत यातच बरीच जागा जाऊ शकते. ती काढून टाकावी. घराचा ठिकाणा असा वाटत सुटण्याचीही गरज नाही.

आयफोनवाल्यांची अडचण निराळी. २०१७ पासून हे फोन मूळ फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतात. त्याचं नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लिहिलं की काम झालं, असं सांगणारे बरेच भेटतात. फाइलचा प्रकार तिच्या नावात नसतो, तिच्या पहिल्या काही बाइटमध्ये असतो. साइट तिथे बघते आणि फाइल परत करते. ती एक्स्पोर्ट करून खरोखर जेपेग करावी लागते. तसंच, जेपेगची झिप केल्याने वजन घटत नाही. चिपाडातून रस आधीच निघालेला असतो.

एकदा दाबलेला फोटो पुन्हापुन्हा दाबला की खराब होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण कधी होतो ते नाही. नुसतं फॉरवर्ड केल्याने फाइल तीच राहते. त्याच तक्त्याने, त्याच जागी पुन्हा सेव्ह केलं तरी फारसं बिघडत नाही, कारण भागाकार आधीच पूर्णांकात बसलेले असतात. बिघडतं ते डावीकडून तीन पिक्सेल कापल्यावर. आठ-आठची जाळी सरकते, जुन्या तुकड्यांच्या कडा नव्या तुकड्यांच्या मधोमध येतात, आणि त्या कडांनाच खरं चित्र समजून गणित पुन्हा सुरू होतं. स्क्रीनशॉट काढायचा, कापायचा, वर ‘शुभ सकाळ’ चिकटवायचं आणि पुढे ढकलायचं, यातल्या प्रत्येक फेरीत जाळी सरकते. वर्षभर फिरलेल्या विठ्ठलाच्या फोटोला चौकटींचा मुलामा चढतो तो असा.

अक्षरांचं दुखणं याहून जास्त. अक्षराची कड धारदार असते आणि धारदार कड दाखवायला सगळ्या लाटा लागतात, बारीक तर हव्याच. नेमक्या त्याच शून्य केल्या की अक्षराभोवती करडी धूळ उडते. देवनागरीत ही धूळ शिरोरेषेच्या वर-खाली बसते, म्हणजे जिथे अनुस्वार, मात्रा आणि रफार असतात तिथेच. बारीक टाइपाचा अनुस्वार म्हणजे दोन बाय दोन पिक्सेलचा ठिपका. तो धुळीत मिसळला की ‘नांव’ आणि ‘नाव’ वाचणाऱ्याने अंदाजाने ओळखायचं. रंगीत अक्षरांना वर रंगछाटणीचा फटका बसतो. हिरव्यावर लाल हा सगळ्यात वाईट मेळ. शुद्ध लाल रंगाचा उजेड २५५ पैकी ७६ भरतो, मध्यम गडद हिरव्याचाही ८५-९० च्या आसपास. म्हणजे उजेडाच्या चित्रात अक्षर जवळपास दिसतच नाही, सगळा फरक रंगात, आणि रंगच निम्मा केलेला. लग्नपत्रिका आणि कार्यक्रमाची बॅनरं मोबाइलवर पाठवणाऱ्या डीटीपीवाल्यांनी एवढं बघावं. हळदी रंगावर गडद कुंकवाचा रंग निभतो, हिरव्यावर लाल फुटतो. मुळात अक्षरांच्या चित्राला जेपेग लावूच नये. त्यासाठी पीएनजी आहे, १९९६ पासून. त्यात काहीच टाकून दिलं जात नाही. शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधायचा, फरक तेवढा लिहायचा आणि आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की ‘मागे बघा’ म्हणायचं. एकरंगी पार्श्वभूमीवरची अक्षरं पीएनजीत कित्येकदा जेपेगपेक्षा हलकी होतात. चेहऱ्याच्या फोटोला मात्र पीएनजी लावली की वजन कित्येक पटींनी वाढतं, कारण त्वचेचे दोन शेजारी पिक्सेल हुबेहूब सारखे सहसा नसतात.

आपल्या वृत्तपत्राच्या कामाची एक गोष्टही सांगतो. श्रद्धांजलीच्या जाहिरातीतले चेहरे पुसट येतात त्याचा दोष लोक व्हॉट्सॲपला देतात. गणित करून पाहा. वृत्तपत्राच्या छपाईला इंचाला २०० पिक्सेल पुरतात. १,६०० पिक्सेलचा फोटो ८ इंच रुंद छापता येईल. व्हॉट्सॲपचा फोटो जाहिरातीला पुरून उरतो. पण बहुतेकदा दिवंगत व्यक्तीचा वेगळा फोटो नसतो. नातवाच्या बारशाच्या गटफोटोतून चेहरा कापून घेतात. त्या फोटोत चेहऱ्याच्या वाट्याला १५० पिक्सेल आलेले असतात. २०० ने भागलं की पाऊण इंच, दोन सेंटिमीटरही नाही. तो सहा सेंटिमीटरला ताणला की व्हायचं तेच होतं. जाहिरात घेणाऱ्या काउंटरवर ‘फोटो किती केबीचा’ असं न विचारता ‘मूळ गटफोटो आहे का, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवता येईल का’ असं विचारलं तर निम्मे चेहरे वाचतील. हल्ली अशा चेहऱ्याला एआयने ‘क्लिअर’ करून देतात. तो चेहरा स्वच्छ दिसतो खरा, पण त्यातल्या सुरकुत्या आणि डोळे मशीनने अंदाजाने रचलेले असतात. गेलेली माहिती परत आलेली नसते.

व्हिडिओत याच तत्त्वावर आणखी एक मजला चढतो. १९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ चित्रं, पिक्सेलला तीन बाइट. सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट झाले. त्याचे सेकंदाला चाळीसेक लाख बिट, म्हणजे पाच लाख बाइट करायचे तर प्रत्येक चित्र वेगळं दाबून भागत नाही. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवतात आणि पुढच्या चित्रांत नुसतं सांगतात की हा तुकडा मागच्या चित्रातून उचला, सात पिक्सेल उजवीकडे ठेवा आणि एवढा फरक दुरुस्त करा. २००३ च्या एच.२६४ मानकात हे सरकणं पाव पिक्सेलपर्यंत मोजतात. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत अशा रीतीने जवळजवळ फुकटात जाते. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उडाला की हा हिशेब कोसळतो. हवेतला एकेक कण स्वतंत्र दिशेने जातो, मागच्या चित्रातला कुठलाच तुकडा उचलून भागत नाही, सगळंच नव्याने लिहावं लागतं आणि बिट तर ठरलेले. मग भाजक वाढवले जातात आणि ढोलपथकाच्या जागी गुलाबी ठोकळे दिसू लागतात. पाऊस, धबधबा, प्रेक्षकांवरून झरकन फिरणारा कॅमेरा, यांचंही तेच. रात्री कमी उजेडात काढलेल्या व्हिडिओत सेन्सरचे दाणे दर चित्राला नव्या जागी असतात. निम्मे बिट ते दाणे सांभाळण्यात जातात.

इथेही लोक वजनाकडेच बघतात. १६ एमबीत तीन मिनिटांचा व्हिडिओ बसवायचा तर सेकंदाला साधारण ७४५ किलोबिट मिळतात. आवाजाला ६४ दिले की चित्राला उरले ६८०. एवढ्यात १०८० ओळींचा गुलाल मावणार नाही. ४८० ओळींचा केला तर लहान दिसेल, पण फुटणार नाही. त्याहून बरं म्हणजे तीन मिनिटांतलं कामाचं पाऊण मिनिट कापून घ्यायचं, मोबाइल हातात न धरता कशावर तरी टेकवायचा आणि पाठवायचा. हात हलला नाही की मागची इमारत फुकटात जाते.

आवाजाचं थोडक्यात. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं), प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या, मिळून १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटची एमपीथ्री म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. इथे डोळ्याच्या जागी कानाची उणीव वापरली जाते : मोठ्या स्वराच्या लगतचा बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही, म्हणून तो ढोबळपणे लिहिला तरी चालतं. १२८ ला सोळा हजार हर्ट्झच्या वरचं सहसा छाटलेलंच असतं. टाळ-झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो तो त्यामुळे, आणि वर बिट अपुरे पडतात म्हणूनही. तबल्याच्या थापेचं दुखणं वेगळं. आवाज ५७६ नमुन्यांच्या घासाने दाबला जातो. त्या घासाच्या शेवटी थाप पडली तर ढोबळपणाची खरखर अख्ख्या घासात पसरते आणि थापेच्या आधी ‘फस्स’ असा श्वास ऐकू येतो. चांगलं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी छोटे घास घेतं. मैफिलीचं ध्वनिमुद्रण जपायचं असेल तर फ्लॅकमध्ये ठेवावं. वजन साधारण निम्म्यावर येतं आणि एकही नमुना हरवत नाही. १२८ ची एमपीथ्री ३२० ची किंवा फ्लॅक करून ‘हाय क्वालिटी’ म्हणून देणाऱ्यांकडून मात्र काही घेऊ नये. फोनवरून गाणं ऐकवणाऱ्यांचीही तक्रार असते. जुन्या जीएसएम मोबाइल फोनच्या पद्धतीत सेकंदाला तेरा किलोबिटमध्ये आवाज जातो, आणि ती पद्धत समोर माणसाचा एक गळा आहे असंच धरून चालते. तानपुऱ्याला गळा नसतो.

शेवटी स्कॅनिंगबद्दल, कारण जुनी कागदपत्रं स्कॅन करण्याची कामं जागोजागी चालू आहेत. जर्मनीतले डेव्हिड क्रीझेल यांना २०१३ साली झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रातून काढलेल्या एका बांधकाम नकाशाच्या प्रतीत तीन खोल्यांचं क्षेत्रफळ सारखंच, १४.१३ चौरस मीटर, दिसलं. मूळ कागदावर ते १४.१३, २१.११ आणि १७.४२ होतं. त्यांनी शोध घेतला तेव्हा जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत सापडली. ती पानावरचे एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके (अक्षरं, आकडे) शोधते, एकच नमुना ठेवते आणि बाकी ठिकाणी तोच चिकटवते. ६ आणि ८ पुरेसे सारखे दिसले की एकाच्या जागी दुसरा येतो. तोही पुसट येत नाही, अगदी ठळक, स्वच्छ छापल्यासारखा येतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. जेपेगची चूक निदान दिसते तरी. देवनागरीत घ-ध, भ-म, प-ष ही अक्षरं एकमेकांपासून बारीक रेघेनेच वेगळी होतात. सातबाऱ्यावर, फेरफारावर किंवा जन्मनोंदीत ही पद्धत लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ. तिचा एक निर्दोष, काहीही न टाकणारा प्रकारही आहे, पण यंत्रावर नेमका कोणता चालू आहे हे ऑपरेटरला सहसा ठाऊक नसतं. काळ्या-पांढऱ्या पानासाठी फॅक्सच्या जमान्यातली ग्रुप ४ पद्धत पुरेशी आहे. ए-फोर पान ३०० डीपीआयला न दाबता एक एमबीच्या आसपास भरतं, ग्रुप ४ मध्ये ते बहुधा ५० ते १०० केबी होतं, आणि एकही ठिपका बदलत नाही. स्कॅनिंगचं कंत्राट देताना ‘पानाचं वजन इतक्या केबीच्या आत’ असं लिहिलं की कंत्राटदार यंत्रातला सगळ्यात जोरकस पर्याय लावणार हे उघड आहे. कलमात ‘माहिती न गमावणारं संकोचन, ३०० डीपीआय’ असं लिहावं आणि नमुन्याची शंभर पानं आकडा न आकडा मूळ कागदाशी ताडून घ्यावीत.

अर्जांच्या बाबतीतही मागणी तीच. किमान केबीची अट काढून टाकावी. तिने कुठलाच दर्जा सिद्ध होत नाही. किमान पिक्सेल सांगावेत, वजनाची फक्त वरची मर्यादा ठेवावी, ती ५०० केबी करावी आणि हव्या त्या मापात बसवण्याचं काम सर्व्हरने करावं. जागेची अडचण कोणी सांगू नये. दहा लाख अर्ज, प्रत्येकी ५०० केबीचा फोटो, एकूण सुमारे ४७७ जीबी. एवढं तर दुकानात मिळणाऱ्या एका साध्या हार्ड डिस्कमध्ये मावतं.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे